पस्तीस पौंडांचं पोतं

पवित्र आठवड्यात साऱ्या लुइझियानाला क्रॉफिश हवे असतात,
भाव चढणारच. तरी बायूकाठच्या टपरीवर
युलिस घासाघीस करून बघतो.
जांभळ्या जाळीचं पोतं मागच्या सीटवर,
ओलं, आणि आतून सारखी
कुणी कागद चुरगाळावा तशी खसखस.

अंगणात टबात ओततो.
चिखल सुटतो, पाणी बदलतो, पुन्हा चिखल.
मेलेले ओदील निवडते, बघावंही लागत नाही तिला.
एखादी नांगी बोट धरतेच,
मग ती फ्रेंचमध्ये शिवी हासडते.
नातवंडांना फ्रेंच येते ती तेवढीच.

पातेलं उकळतं. तिखट थेट डोळ्यांत.
लिंबं, लसूण, कणसं, बटाटे,
आणि ढवळायला बापाचं वल्हं,
होडी विकली तेव्हा मागे ठेवलेलं.

पोतं उपडं करताना
क्षणभर कुणी बोलत नाही.
खसखस थांबते.

मग वर्तमानपत्रांवर लालभडक ढीग,
शेपटी सोला, डोकं चोखा,
ओठ पेटलेले, नाकं वाहणारी.
‘महागच दिले या वेळी,’ युलिस म्हणतो
आणि पुढचं डोकं उचलतो.

सीटखाली सटकलेला एक
सोमवारी वासावरून सापडेल.