पहिल्या नंबरची ओळ

टॉवेलांचा हिशेब लिहायची लाल वही,
तिच्या मागच्या पानांवर माझी गाणी आहेत.
एक ते चाळीस. पेन्सिलीनं.
पेनानं लिहावं एवढी खात्री
अजून एकाही गाण्यानं दिलेली नाही.

सुरुवात एकोणऐंशीत, अशोक चौकामागच्या शेडात.
आठ माग, आणि खिळ्याला टांगलेला मुकादमाचा रेडिओ.
खटक-खटकच्या पलीकडं जे पोचेल ते गाणं,
बाकीचं सूत.
बासरी कधी पास झाली नाही.
सनई काठावर.
ढोलकी मात्र पहिल्या झटक्यात, तीही लाजत नव्हती.

दस्तगीर कांड्या भरायचा.
कव्वालीशिवाय कशाला गाणं म्हणायचा नाही.
कुठल्याशा उरुसात एक म्हातारा
एकाच शब्दावर पाव तास अडून बसला होता,
तो त्याचा पहिला नंबर.
मी म्हणालो, घाटात एसटी बंद पडल्यासारखं.
तो म्हणाला, घाटातच तर बघायला मिळतं बे.
मी सातवा दिला.
दोन दिवस त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला नाही.

आई विड्या वळताना तेलुगूत गुणगुणायची,
पंचवीसच्या जुडीला एक कडवं.
त्याला नंबर द्यायचाच नाही असं ठरवलेलं.
रात्री उठून तिसरा दिला.
सोयऱ्याला टेंडर दिल्यासारखं वाटलं, चौथा केला.
पहाटे परत तिसरा.

आणि बावन्न सालचं ते भावगीत
आणि लावण्याच्या मोबाईलमधलं परवाचं,
एका तागडीत घालायची कशी?
एकात बाई खिडकीशी उभी आहे,
दुसऱ्यात खिडकीच नाही, नुसता ठोका.
पण ठोका खोटा नाही.
मांडीवर हात ठेवून मोजला,
आमच्या तीन नंबरच्या मागाचा स्पीड.
एकोणिसावा.
लावण्या म्हणाली, अप्पा, ते गाणं गेलं आता, जुनं झालं.
परवाचं.

गेल्या मार्चात सात रस्त्याला कान दाखवले.
काचेच्या खोलीत बसवून पोरगी म्हणाली,
शिट्टी ऐकू आली की बोट वर करा.
मी बोट तयार ठेवून बसलो.
तिच्या चेहऱ्यावरून कळलं,
शिट्ट्या वाजून गेल्या होत्या.
कागदावर एक रेघ, उजवीकडं खाली खाली गेलेली.
वरची पट्टी गेलीय, म्हणाली.
बत्तीस वर्षं मागावर? मग जाणारच.

घरी येऊन बारावा नंबर लावला.
शेवटच्या ताराला जिथं ती बाई आभाळाला हात लावायची
तिथं आता तिचा श्वास तेवढा ऐकू येतो,
आधीचा, आणि नंतरचा.
खोडरबर घेतलं.
मग कळेना, उतरलं कोण, ती की मी?
नंबर राहू दिला. पुढं लिहिलं: आठवणीवर.

दस्तगीर हसला.
आता तरी बासरीला घे की बे.
अरे, आता तर ती ऐकूच येणार नाही.
मग? तेव्हा तरी कुठं येत होती?
चाळिसावा खोडून बासरी लिहिली.

पहिल्या नंबरचं म्हणाल तर
शहाण्णवचा मे, दुपार, पत्रा तापून वाजत होता
आणि वीज गेली.
गल्लीच्या गल्ली माग एकदम थांबले.
धोटा हवेतच विसरला कुठं जायचं ते.
तेवढ्यात पत्र्यापलीकडून
कुणाच्या तरी सेलवरच्या रेडिओतली एक ओळ आली,
मधलीच.
कानडी की उर्दू, बाई की बुवा, काही लागेना.
मी घाम पुसायचा थांबलो
आणि वीज आली.

नंतर दुकानं पालथी घातली, कॅसेटवाल्यांना गुणगुणून दाखवलं.
ते माझ्याकडं बघायचे, मग एकमेकांकडं.

वहीत पेनानं एकच आकडा आहे, एक.
पुढं कोरं.
दस्तगीर म्हणतो, रेडिओ नव्हताच बे,
नळावर कुणी बाई पोराला हाक मारत असंल.

असंल.