उणे ऐंशी

आमच्या फ्रीजरांना आम्ही नद्यांची नावं दिलीत:
लुले, पिते, उमे, ओंगर्मान.
उणे ऐंशीवर या नद्या वाहत नाहीत.

माझं काम राखणीचं.
रात्री गजर झाला तर बर्फ तुडवत यायचं,
कुणाचं रक्त वितळता कामा नये.
कुणाचं, ते मला ठाऊक नसतं.
नळीवर नाव नाही, नुसत्या काळ्या रेघा.

जानेवारीत लोकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता.
पाच जण आले, त्यातले दोघे कॉफीसाठी.
गुनवोर बुरस्ट्रम मागे रेंगाळली.
हातमोजे तिने दातांनी ओढून काढले.
बोटं सगळी एकाच बाजूला कललेली,
खाडीकाठच्या बर्चझाडांसारखी,
वारा थांबला तरी सरळ न होणारी.
म्हणाली, "माझं रक्त आहे इथं.
चाळिशीच्या तपासणीत दिलं होतं.
तेव्हा मी गावच्या भट्टीवर
दिवसाला दोनशे भाकऱ्या लाटायचे, बार्लीच्या,
उजेडाला धरली तर पलीकडचं दिसेल अशा पातळ.
बघता येईल का ते?"

नियमाप्रमाणे येत नाही.

तिकडे पडद्यासमोर एलिन समजावत होती:
सैन्य, शत्रू,
आपल्याच गावावर चाललेला गोळीबार.
मला हे सैन्य कधी पटलं नाही.
मी दिवसभर लेबलं वाचणारा माणूस,
मला हे लिखाणाचं प्रकरण वाटतं.
प्रथिनाच्या लांबलचक ओळीत
एका अर्जिनिनचं सिट्रुलिन होतं.
एवढंच. एक अक्षर.
ध चा मा.
सांधा तोच, आतलं अस्तर तेच,
आणि पेशी बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार.
मग सूज, मग ऊब,
मग सकाळी किटली उचलायला दोन मनगटं
आणि बोटं उघडायला पाऊण तास.

अक्षर कुणी खोडलं, ते एलिनला
अकरा वर्षांत सापडलेलं नाही.
सिगारेटचा धूर म्हणतात, हिरड्या म्हणतात,
आईकडून आलेलं काहीतरी म्हणतात.
अहवालात "म्हणतात" चालत नाही,
तिथं "संबंध आढळला" असं लिहायचं.

पण एक गोष्ट आढळली ती आढळलीच:
दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीच्या
काही नळ्यांमध्ये
प्रतिपिंडं येऊन बसलेली असतात.
बोटं सरळ, लाटणं जोरात,
पिठाचा हात कपाळावरून फिरतोय,
आणि आत निकाल लागलेला.

हे ऐकून गुनवोर माझ्याकडे वळली.
"म्हणजे त्याला माहीत होतं?"
"कुणाला?"
"रक्ताला."
"काहींच्या. तुमचं मला सांगता यायचं नाही."
"मग बोललं का नाही?"
मी म्हणालो, "बोललं असेल.
तेव्हा ते वाचता येणारं कुणी नव्हतं."
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, "आमचा आर्विद असाच.
सात महिने खोकला लपवला,
आणि मला वाटायचं, बाहेर लाकडं फोडतोय."

तिला काय द्यावं सुचेना.
उमेचं दार उघडलं, फक्त बाहेरचं.
पांढरी वाफ जमिनीकडे ओघळली.
तिने दोन्ही हात त्यात धरले,
शेकोटीवर धरावेत तसे, उलट कारणासाठी.
"बरं वाटतं," म्हणाली. "दर बुधवारच्या गोळीपेक्षा
हे बरं. गुरुवारी मळमळत नाही."
मिनिटभराने गजर वाजला
आणि एलिनने लांबून माझ्याकडे पाहिलं.

जाताना तिने बाही वर केली.
"आताचंही घ्या. जुन्याला सोबत."
शीर सापडायला वेळ लागला,
परिचारिकेने दोनदा माफी मागितली.

मंगळवारी नवी खोकी आली, चारशे नळ्या.
रेघा सगळ्या सारख्याच.
मी एकेक जागेवर लावत गेलो.
एक कुठलीशी, कुणाची ते माहीत नाही,
नियमापेक्षा दोन सेकंद जास्त
हातात धरली.