माशीचे डोहाळे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
विकलेले डझनभर मानकुराद
पुढच्या शुक्रवारी परत आले,
एकाच फोडीच्या रूपानं, स्टीलच्या डब्यात.
आपोलीन काही बोलली नाही.
नुसतं झाकण उघडलं.
गरात तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या,
त्यातली एक कमान करून उसळली
आणि माझ्या सुट्ट्या पैशांवर पडली.

त्या वर्षी मी झाडांना न्हाऊ घातलं होतं औषधानं,
शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, पानं ठिबकेस्तोवर.
सकाळी खाली मधमाश्या,
झाडून काढाव्या लागल्या इतक्या.
कोळ्यांची जाळी ओस.
माशी तेवढी शेजारच्या रानात राहून
चार दिवसांनी परत आली,
माहेरपण करून आल्यासारखी.

मग शेतकी खात्याचा पोरगा आला, सुकांत.
म्हणाला, मावशी, तिच्या मागे धावू नका.
तिला जेवायला बोलवा.
मादीला पोटात अंडी भरायची तर
नुसत्या गोडावर भागत नाही, प्रथिनं लागतात.
आठवडाभर तेच हुंगत हिंडते ती,
फळाकडे वळते त्यानंतर.

मला हसू आलं नाही.
तेहतीस वर्षं नर्स होते मी.
कासारवर्णे, तांबोशें, मोपा, पायी चढ चढून
किती पोटुशींना सांगितलं असेल,
बाई, नुसत्या पेजेवर राहू नकोस,
उसळ खा, अंडं खा, मूठभर सुंगटं खा.
त्या मान डोलवायच्या,
आणि घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर
तळाची पेज प्यायच्या.
माझं ऐकणारी शेवटी ही निघाली.

इनासच्या काजूभट्टीवरून आंबलेला गाळ आणला,
खळखळणारा, उग्र, कॅन भरून.
त्यात गूळ, अगदी थोडा.
मधमाशीला गोड लागतं, हिला हवं असतं कुजकं-आंबट.
सगळ्यात शेवटी हातमोजे चढवून, वाऱ्याकडे पाठ करून
औषध. टोपणभर.
मागल्या साली पिंपं लागली होती.
आता एका झाडाला बशीएवढा एकच ठिपका,
पानांच्या पोटाला, सावलीत,
जिथं ती दुपारची टेकते.
फळाला थेंब नाही.

तिसऱ्या दिवशी खुर्ची टाकून बसले खाली.
आली.
बारीक कंबर, पंखांना काळी किनार,
आधी पानावर थांबली, पुढचे पाय एकमेकांवर चोळले,
पानावर बसण्याआधी हात धुवावेत तसे.
मग सोंड टेकवून खात राहिली,
दोन जिवांची खाते तशी, मान वर न करता.
ओठांवर आलंच होतं माझ्या,
सावकाश. घशाशी येईल.

उठून घरात गेले.
ट्रंकेतून जुनी नोंदवही काढली, मागची पानं कोरी होती.
रकाने छापलेलेच:
तारीख, नाव, वय, कितवी खेप, शेरा.
नावाच्या जागी झाडाचा नंबर घातला.
झाड चार, सात माद्या.
झाड नऊ, अकरा.
झाड बारा, तीन, आणि एक मुंग्यांनी ओढून नेताना दिसली,
ती धरावी की नाही कळेना, धरली.
वयाचा रकाना मोकळा सोडला.

मे सरता सरता आपोलीन आली.
डझनभर तिच्यापुढे ठेवले, पैसे घेतले नाहीत.
तिनं बाजारातच सुरी मागून घेतली,
एकामागून एक सहा कापले
माझ्या तोंडाकडे बघत.
सहाही स्वच्छ.
सातवा तिनं पिशवीत टाकला आणि पैसे मोजून दिले,
वर पाच रुपयांसाठी भांडली.

बरं वाटलं.
पुन्हा पुन्हा सांगते स्वतःला, बरं वाटलं.
रात्री दिव्याखाली वही उघडून बसले,
बेरीज केली, शेऱ्याशी येऊन पेन थांबलं.
तिथं मी लिहायची, 'बाळ-बाळंतीण सुखरूप'.

कुंपणापलीकडून इनास ओरडतोय,
उद्या भट्टी धुवायची आहे, कॅन दे.