अकरावा रकाना

पुन्ता अरेनासच्या नगरपालिकेत
दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी माझं टेबल.
भिंतीबाहेर जे जे डोकावतं
ते माझ्या अखत्यारीत.
बाल्कन्या नाहीत, त्या बांधकाम खात्याकडे.
झाडंही नाहीत. इथली झाडं वाऱ्याला भिऊन
आधीच एका बाजूला सरकून उभी असतात.
माझ्याकडे फक्त पाट्या:
खाटकाचा बैल, दंतवैद्याची दाढ,
चष्मेवाल्याचे
कुणाकडेच न बघणारे दोन डोळे.

येर्को मातुलिचची किल्ली
मी शाळेत होते तेव्हापासून तिथं आहे.
त्याच्या आजोबांनी फुटक्या जहाजाच्या पत्र्यातून कापलेली,
लोखंडी दांडीला दोन कड्यांवर टांगलेली.
नियम म्हणतो, भिंतीपासून ऐंशी सेंटिमीटर.
मी टेप लावला. दुसरं टोक त्यानंच धरलं,
इथल्या वाऱ्यात एकट्यानं मोजता येत नाही.
एकशे चौदा.
"चौतीस जास्त," त्यानंच वाचून सांगितलं.

मग अर्ज, शिडीच्या पायरीवर ठेवून.
रकाना नऊ: फलक उजळतो का? नाही.
दहा: फलक हलतो का?
त्यानं वर पाहिलं. मीही पाहिलं.
हलत होती, आणि आम्ही बघतोय म्हणून
थांबायचं तिच्या मनात नव्हतं.
अकरा: फलक आवाज करतो का?

आता हे सांगायला हवं.
त्या गल्लीत कुणी रेडिओवर हवामान ऐकत नसे.
किल्ली कुरकुरली तर वारा चाळीसचा, टोपी चालेल.
कण्हली तर साठ: ओतिलिया बार्रिया
पावाच्या दुकानाची झडपं ओढून घेई.
आणि कड्या किंचाळू लागल्या
की आमच्याच पालिकेची माणसं
चौकात दोर बांधायला निघत,
पायी जाणाऱ्यांनी धरून चालावं म्हणून.
माझी आई त्या कण्हण्यावर
वाळत घातलेले कपडे काढायची.

अकराव्या रकान्यात दोन चौकोन आहेत.
हो. नाही.

साहेबांना विचारलं, वारसा म्हणून काही सूट?
म्हणाले, वारशाचं खातं सान्तियागोला.
तिथं वारा नसतो.

मी नोटीस दिली, तीस दिवसांची.
अठ्ठाविसाव्या दिवशी तीन माणसांनी ती उतरवली.
त्या दिवशी, कसं कोण जाणे,
गल्लीत कागदही हलत नव्हता.
मग चार बोल्टांनी भिंतीला सपाट ठोकली.
बाहेर सहा सेंटिमीटर. कायद्यात चोख.
आठवडाभर येणारा जाणारा येर्कोला विचारत होता,
दुकान विकलंस का?

नंतरच्या वादळात ओतिलियाचं मोठं तावदान गेलं.
तिनं तक्रार केली नाही.
काचेच्या बिलाची एक प्रत तेवढी
माझ्या टेबलावर आली,
वर ना नाव, ना शेरा.

आई आता ऐंशीची आहे.
कपडे वाळत घालते आणि दारात उभी राहते,
कान देऊन,
काढू की राहू दे.
मी तिला मोबाइलवर वाऱ्याचा आकडा दाखवते.
ती म्हणते, हा कुठला?
मी म्हणते, विमानतळाचा.
ती म्हणते, मग विमानांना सांग.

काल येर्को नवा अर्ज घेऊन आला,
हातांना तेलाचा वास, पेन माझंच.
उजळतो का? नाही.
हलतो का? नाही.
अकराव्यात त्यानं दोन्ही चौकोन कोरे सोडले
आणि समासात लिहिलं:
आता नाही.

समासात लिहिलेला अर्ज बाद धरावा,
असा नियम आहे, मीच टाइप केलेला.
मी तो बाद केलेला नाही.
मंजूरही केलेला नाही.
ट्रेमध्ये आहे, सगळ्यांत वर.
त्यावर शिक्काच आडवा ठेवलाय.
ही खिडकी नीट बसत नाही,
आत येतो.