तारा उचलणारा

माझं काम एवढंच:
बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधून
गल्लीतल्या विजेच्या तारा उचलून धरायच्या,
खालून विश्व जाईपर्यंत.

विश्व म्हणजे वादाह. मेन रुनिंगचा.
बांबू, कागद, कापूस, सोनेरी वर्ख,
आणि मधल्या कट्ट्यावर पांढऱ्या कापडात
रोज सहाला कॉफी उकळायला ठेवणारी ती.
खाली चाळीस खांदे.
वर मी, तिच्या पायाशी.

बांधणारा नेंगाह रेगिग. तो आम्हाला लहानपणी सांगायचा:
तळाला भूः, डोंगर आणि जंगल.
मध्ये भुवः, तिथे मेलेला माणूस बसतो,
निघालेला, पण अजून न गेलेला.
वर स्वः, छपरांचा.
त्याच्याही वर चार आहेत म्हणे,
महः, जनः, तपः, सत्य,
पण तिथवर बांबू पुरत नाही.
खाली सात पाताळं. त्यांच्या खाली कासव,
कासवाला दोन नागांचा वेढा.
कासव कूस बदलतं
तेव्हा आमच्या भिंतींना तडे जातात.

छपरं जन्मावर ठरतात.
राजवाड्यातल्या माणसाला अकरा,
धाकट्या पातीला नऊ, नाहीतर सात,
आमच्या बंजारला एक.
कासवही आमच्यासाठी नाही.
मेन रुनिंगचं विश्व
नुसत्या बांबूवर.

मी तिचं देणं लागतो.
लवंगेच्या सिगारेटची तीन पाकिटं,
वहीत माझ्या नावापुढे तीन रेघा.
आता ती वही कुणाकडे मागायची?

पहिली तार. उचलली. गेलो.
दुसरी टेलिफोनची, कधीच मेलेली. तीही उचलली.
देवळाच्या कोपऱ्यावर तिसरी,
छप्पर आणि तार यांच्यात दोन बोटं.
मी ओरडलो, थांबा!
खालच्यांना ऐकू येत नाही,
गामेलान वाजत असतो, खांद्यांना घाई असते.
काठी वाकली. तार कानाजवळून
सरपटत मागे गेली.
ही कुठल्या लोकातली?
रेगिगने कधी सांगितलं नाही.
हिच्यावर आमचा भात शिजतो,
फ्रीजमध्ये बर्फ धरतो.

रुनिंग जहाजावर असते, मायामीच्या बाजूला कुठेतरी,
प्रवाशांच्या चादरी बदलते.
मावसभाऊ फोन उंच धरून चालतोय.
फोनमध्ये तिचं तोंड, तिथली रात्र.
चित्र अडकतं, सुटतं.
आईला नीट दाखव ना, म्हणते.
तो दाखवतो,
तर तिला मीच दिसतो, काठी घेऊन.

चौकात वादाह तीनदा गरगरा फिरवला,
जिवाला घरची वाट सापडू नये म्हणून.
मलाही सापडेना. भिंती, तोंडं, आभाळ,
सगळ्याचा एकच पट्टा झाला.
हात आधाराला गेला
तो काठीकडे नाही,
तिच्या कापडाकडे.

स्मशानात तिला उतरवलं
आणि रिकामं विश्व आडवं केलं.
तेव्हा तळ दिसला.
बांबूच्या चटईवर, आतल्या अंगाला,
कोळशाने काढलेलं कासव,
थाळीएवढं, एक डोळा मोठा, एक बारका.
नाग काढायला वेळ मिळाला नसावा,
दोन दोऱ्या होत्या नुसत्या.
मी रेगिगकडे पाहिलं.
तो समुद्राकडे पाहत होता.

कमरेला तीन पाकिटं आणली होती.
दोन आगीत टाकली.
तिसरं रेगिगच्या हातात दिलं.
त्याने फोडलं, एक मला दिली,
आणि पेटवायला दोघंही तिच्या आगीशी वाकलो.

घरी आलो तर फ्रीजखाली पाणी.
वीज पहाटेपासूनच बंद होती, बायको म्हणाली,
मिरवणूक जायची म्हणून ऑफिसनेच बंद ठेवलेली,
तुम्हाला कुणी सांगितलं नाही?