पापुद्रा

दर नोव्हेंबरात मी सात जणांना फोन करायचे.
आता चौघांना.
एकाचा नंबर मुलीकडे आहे. ती म्हणते,
बाबा गेले तरी करत जा फोन, चालेल.
तसला रकाना माझ्या फॉर्मवर नाही.

उएमात्सुसान मात्र स्वतःच येतात, किशिवादाहून,
पिशवीत फुसाएसाननी मुरवलेली वांगी.
त्यांना मीठ बंद आहे, म्हणून बरणी मला.

अकरा वर्षांपूर्वी यांचं हृदय
धुऊन धुऊन ढगळ झालेल्या स्वेटरसारखं होतं.
ठोका पडायचा, आवळायचं काहीच नाही.
शंभरातलं बावीस रक्त पुढे जायचं,
बाकीचं तिथंच घुटमळायचं.

तेव्हा डाव्या मांडीतून सुपारीएवढा स्नायू घेतला.
शर्यतीच्या सायकलीवर तेवीस वर्षं
तापलेली मांडी ती.
बशीत पेशी वाढवल्या, बशी गार केली,
आणि दुधावरच्या सायीसारखा
अख्खा पापुद्रा सुटून आला.
असे पाच. हृदयाला पांघरले.

पहिल्या वर्षी एकतीस.
पाचव्या वर्षी अठ्ठावीस.
आज सव्वीस.
डॉक्टर ओगिहारा म्हणतात, सव्वीस म्हणजे बावीस नव्हे.
जरा थांबून म्हणतात, एकतीसही नव्हे.

"त्या पेशी आहेत अजून?" उएमात्सुसान विचारतात, दरवर्षी.
केव्हाच मेल्या असतील, मी सांगते, दरवर्षी.
पण जाताना शेजारणींच्या कानात
काहीतरी सांगून गेल्या असाव्यात.
"काय?"
ते अजून कुणाला नीट ऐकू आलेलं नाही.
गोळ्याही चालू होत्याच.
सिगारेटही सुटली होती.
ताडून पाहायला दुसरे उएमात्सु
आमच्याकडे नव्हते.

ते शर्टाची बटणं लावतात.
हात छातीवर जात नाही,
मांडीवरच्या व्रणावर जातो,
म्हाताऱ्या घोड्याला थोपटावं तसा.
"शेवटच्या फेरीची घंटा झाली ना," म्हणतात,
"की पुढे पाय आपलं ऐकत नाहीत.
त्यांचं त्यांनाच ठाऊक."

लिफ्ट आहे म्हटलं तरी जिन्यानं उतरतात.
मधल्या वळणावर पावलं थांबतात.
मी दार लोटत नाही.
घड्याळाकडे बघत नाही असं दाखवते,
कुणाला, कोण जाणे.

चाळीस सेकंद.
मग खाली, पुन्हा, एकेक.

फॉर्मवर लिहिते: जिना. एक थांबा.
आणि पुढचा नंबर फिरवायच्या आधी
बरणी उघडते.
वांगी यंदा खारट झाली आहेत.
दुसरं घेते.