सहा सिटा

भुसावळच्या कुशनवाल्याने साडेसहा हजार सांगितले,
वर म्हणाला, होडीचं काम आम्ही घेत नाही ताई,
लाकूड ओलं असतं, पिन धरत नाही.
मी त्याच्याच दुकानातून पाच मीटर रेक्झिन घेतलं,
रेल्वेच्या बर्थसारखं निळं,
आणि एस.टी.त मांडीशी उभं धरून
चांगदेवपर्यंत आणलं,
त्याचंही अर्धं तिकीट काढावं लागेल की काय, असं.

हतनूरचं पाणी उतरलेलं. होडी गाळावर कलंडलेली.
अंगणात सहाही सिटा उलट्या पडल्या.
गंजक्या पिना स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या,
एका सीटला एकशे चाळीस.
दुसऱ्या सीटपासून मोजणं सोडलं.

जुनं कव्हर फाडायचं नाही, उसवायचं,
हे ब्लाउजांनी शिकवलेलं:
जुनं माप देतं, नवं नुसतं मोठं असतं.
तुकडे विटा ठेवून सपाट केले,
कडेकडेने खडू फिरवला,
शिवणीला दोन बोटं सोडली.

आत फोम कसला, नदीच होती.
पिळला तर काळं पाणी,
आणि भेगेतून आत गेलेलं काय काय:
चार आणे, केसांची पिन, शेंगांची टरफलं,
कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात,
आणि बारीक राखाडी भुकटी,
जी मी आधी सिमेंट समजले.

संगमावर आलेली माणसं
गाठोडं मांडीवर घट्ट धरतात,
पण होडी काठाला टेकते तेव्हा धक्का बसतो.
फडक्यावर झाडून घेतली ती,
तिन्हीसांजेला पाण्यापर्यंत चालत गेले.
दात मात्र परत पुडीत बांधून
कोनाड्यात ठेवलाय. का, माहीत नाही.

सुपडू, माझा दीर, म्हणाला,
"फोम काहाले आणते वहिनी, कापूस भर,
घरात मणभर पडेल आहे."
म्हटलं, कापूस पाणी पितो आणि नंतर सोडत नाही.
नवा फोम खताच्या गोणीतल्या प्लास्टिकात गुंडाळला,
तोंड मेणबत्तीवर चिकटवलं,
घरभर युरियाचा वास.

पायपिंगला दोरी मिळेना.
बांधावर ठिबकच्या बारीक नळ्यांचं भेंडोळं होतं,
केळी कापून गेल्यावर उरलेलं.
त्यांच्यावर पट्टी दुमडून शिवली.
मशीन दोनदा अडलं, तीन सुया मोडल्या,
मग दाभण आणि नायलॉनचा दोरा.
झाडाला थेंब थेंब पाणी पाजलं जिने
ती नळी आता पाणी अडवायला बसली.

रेक्झिन ताणलं जाईना.
सासरे ओट्यावरून तीस वर्षांच्या वल्ह्याच्या आवाजात म्हणाले,
"उन्हात टाक. दुपारचं."
पंचेचाळीसचं ऊन. पत्र्यावर पसरलं,
आणि पापड वाळायच्या आत ते पोळीसारखं मऊ.
मी ओढायचं, सुपडूने गुडघा रोवायचा,
बोटांना चटके, पिन, ओढ, पिन,
कोपऱ्याला करंजीची मुरड.
या उन्हाला आयुष्यभर शिव्याच दिल्या होत्या.

सहाव्या सीटला वीतभर कमी पडलं.
ट्रंकेच्या तळाशी लाल रबर होतं,
पोराच्या दुपट्याखाली घालायचे ते.
पोर आता सुरतेला, साड्यांच्या गिरणीत.
त्याचा तुकडा लावला कोपऱ्याला.
दिसतो. दिसू दे.

पाणी चढलं. मंगळवारी पहिली फेरी मेहूणची.
एक माणूस, डोकं नुकतंच भादरलेलं,
लाल फडक्यात बांधलेला तांब्या घेऊन उभाच राहिला.
"नवं आहे भो, खराब व्हईन."
म्हटलं, बसा. पुसलं की जातं.
पाच सिटा रिकाम्या होत्या,
तो नेमका लाल कोपऱ्यावर टेकला,
तांब्या मांडीत, दोन्ही हात तांब्यावर.

सुपडूने इंजिनाची दोरी ओढली.
शिवणीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं मी.
चौथीचा एक टाका सैल आहे.
उतरताना घेईन.